वारली समाजाचे देव, श्रद्धा आणि विधी : एक परिचय

आपला वसई धर्मप्रांत ज्या पालघर जिल्ह्यात वसला आहे, त्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासी बांधवांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर, धोडिया अशा अनेक जमाती येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत आणि त्यांत वारली ही सर्वांत मोठी होय. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथपासून तो थेट आपल्या वसई तालुक्याच्या पूर्वेस भाताणे, सकवार, पारोळ या बाजूच्या पाड्यांपर्यंत हा समाज पसरलेला आहे. समुद्रकाठी राहणाऱ्या आपणां ख्रिस्ती मंडळींना वारली ठाऊक असतो तो बहुधा दोनच रूपांत: वाडीत किंवा बांधकामावर कामाला येणारा मजूर म्हणून, आणि साडीच्या पदरावर वा उपाहारगृहाच्या भिंतीवर दिसणाऱ्या पांढऱ्या चित्रांचा धनी म्हणून. तो कोणाला भजतो, लग्न कोण लावते, आजारात कोणाकडे धावतो हे विचारण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. आलीच तर 'ते निसर्गपूजक आहेत' एवढ्या एका शब्दावर आपण विषय संपवितो. प्रस्तुत लेखात त्या शब्दाच्या पलीकडे जाऊन वारल्यांच्या देवांची व विधींची ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

तत्पूर्वी थोडेसे जगाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. आइसलँड या बेटावरील लोकसभेने सुमारे इ. स. १००० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा निर्णय घेतला. त्यापूर्वी तेथे ओदिन, थॉर, फ्रेयर, फ्रेया या देवतांची उपासना होत असे. बुधवार व गुरुवार यांच्या इंग्रजी नावांत ओदिन व थॉर यांची आठवण आजही शिल्लक आहे, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. जवळजवळ एका सहस्रकानंतर, १९७२ साली, तेथील काही लोकांनी स्वेइनब्योर्न बेइन्तेइन्सोन या शेतकरी कवीच्या पुढाकाराने जुन्या देवांच्या उपासनेची संघटना स्थापन केली आणि १९७३ मध्ये आइसलँड सरकारने तिला मान्यता दिली. 'आसात्रू' या नावाने ती ओळखली जाते. आज तिचे सदस्य पाच हजारांवर आहेत. ते ऋतुबदलाच्या वेळी एकत्र जमतात, देवांच्या व पूर्वजांच्या नावे पेय अर्पण करतात, विवाह व अंत्यविधीही करतात. मात्र त्यांच्यापुढे एक अडचण कायम आहे. परंपरेचा धागा मध्येच तुटलेला असल्यामुळे देवांविषयी जे काही ठाऊक आहे ते मुख्यत: तेराव्या शतकातील ग्रंथांतून, आणि त्यांतील एक महत्त्वाचा ग्रंथ 'एडा' हा स्नोरी स्तुर्लुसोन या ख्रिस्ती लेखकाने लिहिलेला आहे. युरोपात इतरत्र याच देवांची चिन्हे वंशवादी गटांनीही उचलली आणि आइसलँडच्या संघटनेला त्यांच्यापासून स्वत:ला जाहीरपणे दूर ठेवावे लागले.

आपल्या जिल्ह्यात नेमकी याच्या उलट परिस्थिती आहे. वारल्यांपाशी ग्रंथ नाही, संघटना नाही, सरकारदरबारी स्वतंत्र धर्म म्हणून नोंद नाही. परंतु धागा तुटलेला नाही. जे आइसलँडमध्ये पुस्तकातून शोधून पुन्हा उभे करावे लागले, ते येथे घरातील म्हाताऱ्या बाईच्या कंठात आहे.

'पेगन' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ 'खेड्यात राहणारा' असा होता. पुढे ख्रिस्तसभेच्या भाषेत त्याला 'खऱ्या देवाला न ओळखणारा' असा अर्थ चिकटला. मराठीत आपण सरसकट 'मूर्तिपूजक' म्हणतो. वारल्यांच्या बाबतीत तर हा शब्द अक्षरश:ही लागू पडत नाही, कारण त्यांच्या बहुतेक देवांना मूर्तीच नाही.

देव कोठे असतात

वारल्यांच्या देवांची यादी करावयास बसले की लगेच ध्यानात येते, की हे देव एखाद्या राजदरबारात मानाप्रमाणे बसलेले नाहीत. प्रत्येक देवाला एक जागा आहे, एक काम आहे आणि वर्षातील एक वेळ आहे. जागा, काम आणि वेळ सोडून त्याचे वर्णन करू गेल्यास हाती केवळ नाव उरते.

घरातील देवांत हिरवा, हिमाय आणि नारनदेव ही नावे प्रामुख्याने ऐकू येतात. हिरवा देवाचे चिन्ह म्हणजे मोरपिसांचा जुडगा. नारनदेव पावसाशी संबंधित. या देवांची चिन्हे टोपलीत जपून ठेवलेली असतात. सण किंवा लग्नकार्य असेल तेव्हा ती बाहेर काढून तांदूळ वाहतात, कोंबडा देतात, दारूची धार धरतात. रोजची पूजाअर्चा, आरती, घंटा असा प्रकार मुळात नाही. ज्या दिवशी देवाचे काम नाही, त्या दिवशी देवाला कोणी उठवीत नाही.

घराबाहेर पडले की गावदेव. पाड्याच्या कडेला जुन्या झाडाखाली शेंदूर लावलेले काही दगड, एवढेच त्याचे स्थान. वर छप्पर नाही, भोवती भिंत नाही. शेतीची कामे सुरू होण्यापूर्वी सारा गाव येथे एकत्र जमतो. वर्गणी सर्वांची, प्रसाद सर्वांचा. शिवेवर चेडा राहतो. तो राखणदारही आहे आणि दुर्लक्ष झाले तर त्रास देणाराही. झोटिंगासारखी भुते वेगळी. त्यांना भजावयाचे नसते, टाळावयाचे असते. त्यांच्याही पलीकडे धरतरी म्हणजे भूमाता, आणि सूर्य व चंद्र. सूर्य-चंद्रांना वेगळे देऊळ नसले तरी त्यांच्या साक्षीवाचून चित्र पुरे होत नाही.

वाघदेव

वाघदेवाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण वारल्यांच्या धर्माविषयी सर्वांत जुनी लेखी माहिती त्याच्यापासूनच सुरू होते, आणि ती एका ख्रिस्ती मिशनऱ्याने लिहिलेली आहे. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन (१८०४–१८७५), ज्यांचे नाव मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला आहे, यांनी उत्तर कोकणातील वारली व कातोडी या जमातींविषयी लिहिलेला वृत्तांत १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वारल्यांशी झालेली प्रश्नोत्तरे आहेत. तुमचा देव कोण, असे विचारता त्यांनी वाघ्याचे, म्हणजे वाघांच्या स्वामीचे नाव सांगितले. त्याला शेंदूर लावावयाचा, कोंबडा-बकरा द्यावयाचा. पुढचा प्रश्न मोठा मार्मिक होता: देवाला तुम्ही शिव्याही देता काय? वारल्यांनी निर्मळपणे होकार दिला. एवढे सगळे देऊनही तू आमच्यावर हात उगारतोस, आणखी तुला हवे तरी काय, अशा भाषेत ते देवाला जाब विचारीत. विल्सनसाहेबांना हा उद्धटपणा वाटला असावा. आम्हाला मात्र ईयोबाची आणि काही स्तोत्रांची आठवण होते. ज्या देवाशी भांडता येते, तो देव घरातलाच असतो.

वाघदेवाचे स्थान म्हणजे लाकडाचा किंवा दगडाचा उभा फळा. त्यावर वाघ कोरलेला असतो, वर सूर्य आणि चंद्र, कोठे नागही. आश्विन वद्य द्वादशीला, दिवाळीच्या तोंडावर, वाघबारस पाळली जाते. त्या दिवशी गुराखी पुढे असतात, कारण रानात गुरे घेऊन जाणाऱ्यालाच वाघाशी तडजोड करावी लागते. पट्टेरी वाघ या जंगलांतून केव्हाच नाहीसा झाला. बिबट्या मात्र तुंगारेश्वरापासून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत आजही आहे आणि वाघदेवाचा मान त्यालाही मिळतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी मुंबई, ठाणे व पालघर या परिसरात वाघोबाची दीडशेहून अधिक स्थाने नोंदविली. बिबट्याने गुरू नेले तर तो केवळ अपघात नसून, देवाशी असलेल्या व्यवहारात काहीतरी चुकले असे समजले जाते, असे त्यात नमूद आहे. बिबट्याविरुद्ध लगेच कोयते उगारले जात नाहीत यामागे या श्रद्धेचाही वाटा आहे. वनखात्याच्या फलकांनी जे साधले नाही ते या कोरीव फळ्याने काही अंशी साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

कणसरी आणि नवे अन्न

कणसात राहणारी ती कणसरी. ही धान्याची देवी वारल्यांप्रमाणेच कोकणा समाजातही पूजनीय आहे. तिची मूर्ती शोधू नये. खळ्यावर पडलेली भाताची रास हेच तिचे रूप. रास पुजल्यावाचून धान्य मापण्यास हात लावावयाचा नाही. सुगीनंतर रात्री कणसरीची कथा गायली जाते. गाणारा घांगळी हे वाद्य वाजवितो. बांबूच्या दांडीला दोन भोपळे व तारा लावून ते केलेले असते. कथा लांब असते, ऐकणारे अंगणात बसतात, आणि पहाटेपर्यंत देवी घरात येऊन ठेपते.

पहिल्या पावसानंतर उगवलेली रानभाजी आणि सुगीचा नवा तांदूळ देवाला व पूर्वजांना दाखविल्याशिवाय कोणी तोंडात घालीत नाही. तारपा वाजविण्याचाही काळ ठरलेला आहे. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांपासून बनविलेले हे वाद्य भात तयार झाल्यावर बाहेर निघते आणि रात्र रात्र नाच चालतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून वादकाभोवती वेटोळे घेत फिरतात आणि तारप्याकडे पाठ करीत नाहीत. जव्हार तालुक्यातील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला, ही सर्व जिल्ह्यास भूषणावह गोष्ट आहे.

आपल्या वाचकांना हे सारे परके वाटू नये. उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ऑक्टोबर महिन्यात 'आगेरा' साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत 'उंबराचे पाणी' आणण्याची चालही आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगिजांची सत्ता होती. त्या काळात आपल्या पूर्वजांचा धर्म बदलला, परंतु भाताची लोंबी आणि विहिरीचे पाणी त्यांनी सोडले नाही. त्यांपूर्वी त्यांच्या शिवेवर कोण उभा होता, याचे उत्तर शोधू गेल्यास ते फार दूर सापडणार नाही.

पालघाट आणि लग्नाचा चौक

वारली धर्माचा गाभा एकाच विधीत पाहावयाचा असेल तर तो लग्नात पाहावा. सुगी झाल्यावर, उन्हाळ्याच्या दिवसांत लग्ने होतात. घराची आतील भिंत शेणाने सारवून गेरूने तांबडी करतात आणि तीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. 'लिहितात' हाच त्यांचा शब्द. चित्र 'काढले' असे त्या म्हणत नाहीत. टोक ठेचलेली बांबूची काडी हीच लेखणी. चौकोनाच्या कडांना नक्षीच्या साखळ्या, आणि मधोमध पालघाट देवी. काही ठिकाणी तिला पालगुट असेही म्हणतात. ती झाडापेरांची, अंकुरणाऱ्या सगळ्याची आणि म्हणून संसाराचीही देवी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून तिचे अंग होते. बाजूला फणी, शिडी, बाशिंग, घोड्यावर बसलेले नवरानवरी, वर सूर्य आणि चंद्र, भोवती झाडे. शेजारी एक लहान देवचौक असतो. त्यात पंचशिऱ्या नावाचा, मस्तक नसलेला, अंगातून धान्याचे अंकुर फुटलेला देव असतो. मस्तकाच्या जागी अंकुर! शेतात कापलेले कणीस पुन्हा उगवते हे ज्यांनी जन्मभर पाहिले, त्यांना या चित्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

चौक पुरा झाला की तो वस्त्राने झाकतात. मग भगत येतो, त्याच्या अंगात येते, आणि वस्त्र बाजूला होऊन देवी प्रकट होते. तोवर ते भिंतीवरचे पीठ असते; त्यानंतर ती पालघाट असते. तिच्या समक्ष लग्न लागल्यासच ते लग्न.

हे लग्न लावते ती धवलेरी. ही स्त्री पुरोहित आहे, आणि मुळात या विधीत ब्राह्मण भटजीला स्थान नाही. देवांना एकेक करून मांडवात बोलाविणे, चौक लिहिणाऱ्या सवाशिणींना गाण्यातून साथ देणे, हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक पायरीचे गीत म्हणणे, हे तिचे काम. हे सर्व तिला मुखोद्गत असते. तिने ते आपल्या वडील धवलेरीकडून ऐकून घेतलेले असते. पौरोहित्याचा मान स्त्रीला देणारी ही परंपरा आपल्या इतक्या जवळ असता तिची वार्ता आपणांस नसावी, याचे आम्हाला नवल वाटते.

मात्र या विधीची दुसरी बाजू दु:खद आहे. लग्नाचा खर्च वारल्याला नेहमीच झेपला असे नाही. स्वातंत्र्यापूर्वी लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घ्यावयाचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्या घरी राबत राहावयाचे, अशी 'लग्नगडी' नावाची गुलामगिरी या भागात सर्रास होती. १९४५ च्या वारली लढ्याने वेठबिगारीबरोबर तीही मोडून काढली. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात तो इतिहास वाचावयास मिळतो. लग्नगडी संपला, पण खर्च संपला नाही. आजही अनेक जोडपी विधीविना संसार थाटतात, पैसा जमेल तेव्हा लग्न लावतात. आईबापांचे आणि मुलाचे लग्न एकाच मांडवात लागल्याचीही उदाहरणे आहेत. बाहेरचे लोक यास अनीती म्हणून मोकळे होतात. वस्तुत: ही माणसे विधीला क्षुल्लक मानीत नाहीत, उलट तो इतका मोठा मानतात की वीस वर्षांच्या संसारानंतरही पालघाटेपुढे उभे राहिल्याविना त्यांना चैन पडत नाही.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने हे चौक पाहिले आणि वारल्यांच्या हाती कागद व रंग दिले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रांना पुढे भौगोलिक मानांकनही लाभले. यामुळे अनेक घरांत चूल पेटली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि भिंतीवर लिहिणाऱ्या स्त्रिया होत्या आणि कागदावर नाव झाले ते बहुतांशी पुरुषांचे. आणि पालघाट आता चहाच्या कपावरही सापडते, जेथे तिला प्रकट करणारा कोणी नाही.

भगत आणि भुताळी

आजार, गुरांचा मृत्यू, पिकाची नासाडी यांचे कारण शोधण्यासाठी भगताकडे जातात. तो तांदळाचे दाणे टाकून पाहतो आणि कोणता देव रुसला, कोणता पूर्वज उपाशी राहिला, हे सांगतो. अनेक भगतांना झाडपाल्याचे उत्तम ज्ञान असते. परंतु येथेच या श्रद्धेचा काळोखही आहे. दाणे पाहून एखाद्या बाईला 'भुताळी' ठरविले गेले, की तिचे जिणे कठीण होते. मारहाणीचे, गावाबाहेर घालविण्याचे, प्रसंगी जिवावर बेतल्याचे प्रकार घडलेले आहेत. बळी पडते ती बहुधा विधवा किंवा एकटी स्त्री, आणि पुष्कळदा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करून छळ करणे हा गुन्हा ठरविला आहे. चेटकिणी म्हणून स्त्रियांना जाळण्याचे पातक ख्रिस्ती युरोपनेही शेकडो वर्षे केले आहे, याचा विसर पडू न देता आपण या विषयावर बोलावे. आदर दाखविण्याच्या भरात हा भाग गाळणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सर्पदंश झालेल्या मुलाला आधी दवाखान्यात नेले पाहिजे, हे अनेक शिकलेले वारली तरुण आज आपल्याच पाड्यांवर सांगत आहेत.

देवी आणि यात्रा

डहाणू तालुक्यात चारोटीजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीचे ठाणे आहे. चैत्र पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस तेथे यात्रा भरते. नाव पुराणातले असले तरी देवी डोंगराची आहे. मूळ स्थान उंच सुळक्यावर असून यात्रेत तेथे रात्री ध्वज चढविला जातो. भक्तीण गर्भवती असल्याने तिला डोंगर चढवेना, म्हणून देवीच खाली आली, अशी आख्यायिका सांगतात. मोखाडा-जव्हार भागातील बोहाडा हाही असाच सर्व जमातींचा उत्सव. त्यात देवदेवतांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचविली जातात. या ठिकाणी आदिवासी देव आणि पुराणातील देव सरमिसळ झालेले दिसतात, आणि नाचणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही.

हिंदू की आदिवासी, हा प्रश्न बाहेरच्यांनी जास्त विचारला. ब्रिटिश काळातील जनगणनांत अशा जमातींच्या श्रद्धांसाठी वेगळा रकाना होता. स्वातंत्र्यानंतरच्या, म्हणजे १९५१ पासूनच्या जनगणनांत तो राहिला नाही, आणि बहुतेक वारल्यांची नोंद हिंदू म्हणून होते. झारखंडच्या विधानसभेने २०२० मध्ये 'सरना' या आदिवासी धर्मासाठी स्वतंत्र नोंद असावी असा ठराव केला. पालघरच्या पाड्यांवरही 'आम्ही आदिवासी, आमचा धर्म आदिवासी' असे म्हणणारे तरुण आहेत. आणि घरात गणपती बसविणारे व महालक्ष्मीला नवस बोलणारेही आहेत, काही घरांत तर दोन्ही. ख्रिस्ती झालेली वारली कुटुंबेही आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात अन्य धर्मांतील जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे स्पष्ट केले. त्या घोषणापत्रात जगातील मोठ्या धर्मांची नावे आहेत. सर्व मानवजातींत आढळणाऱ्या अदृश्य शक्तीच्या जाणिवेचाही आदराने उल्लेख आहे. वाघदेवाचे नाव त्यात अर्थातच नाही, पण त्याची जागा आम्हाला त्या वाक्यात दिसते.

जागा गेली की

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ज्यांचा देव ग्रंथात आहे, ते ग्रंथ घेऊन कोठेही जाऊ शकतात. वारल्यांचा गावदेव एका विशिष्ट झाडाखाली आहे, कणसरी एका विशिष्ट खळ्यावर येते, वाघदेव एका विशिष्ट वाटेवर उभा आहे. म्हणून जमीन गेली तर केवळ उपजीविका जात नाही. पुनर्वसनाच्या यादीत घर, गुरांचा गोठा आणि आंब्याचे झाड यांची किंमत मांडली जाते. गावदेवासाठी फार तर चार भिंतींचे नवे देऊळ बांधून मिळते, जे त्याला कधीच नको होते.

वसई-विरारला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग सूर्या नदीवरील धामणी धरणातून येतो. त्या धरणासाठी ज्यांची जमीन बुडाली ते प्रामुख्याने आदिवासी होते. आपल्या स्वयंपाकघरातील नळाचा आणि कुणाच्या तरी बुडालेल्या खळ्याचा संबंध इतका थेट आहे. त्यानंतर मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि द्रुतगती महामार्ग यांसाठी भूसंपादन झाले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याला मच्छीमारांबरोबर आदिवासींनीही विरोध केलेला आहे. हे प्रकल्प हवेत की नकोत, हा या लेखाचा विषय नाही. पण देवाच्या जागेला कायद्यात काही किंमत आहे काय, हा प्रश्न विचारावाच लागतो.

उत्तर अगदीच नकारार्थी नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जतन करण्याचा अधिकार दिला आहे, आणि पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. २००६ चा वनहक्क कायदाही आहे. ओडिशातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावयाची होती. डोंगरिया कोंध जमात त्या डोंगराला आपल्या नियमराजाचे स्थान मानते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये, या जमातीच्या धार्मिक हक्कांवर परिणाम होतो किंवा कसे, हे ग्रामसभांनी ठरवावे असा निर्णय दिला. बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. दगडाच्या, बिनभिंतींच्या देवाची बाजू ग्रामसभेत बसलेल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांनी मांडली, आणि ती ऐकली गेली.

वाचकांपैकी कोणास वारली लग्नाचे निमंत्रण आले तर आवर्जून जावे. चौकावरील वस्त्र दूर होण्यापूर्वी छायाचित्र घेऊ नये, धवलेरी गात असता मध्ये बोलू नये, आणि पाण्याचा तांब्या पुढे आला तर तो नाकारू नये. लग्न आटोपल्यावर तो चौक कोणी जपून ठेवीत नाही. भिंत धुराने काळवंडते, पीठ झडते, आणि पुढच्या कार्याच्या वेळी तीच भिंत पुन्हा शेणाने सारवून घेतात.